जुजुत्सु कायसेन कसं बघायचं: राक्षस नंतर, आधी माणसं बघा

माझ्या मावसभावाने जुजुत्सु कायसेन ही जपानी अॅनिमे सिरीज थेट शिबुयापासून बघायला घेतली. म्हणजे सीझन २ चा मधला भाग, एपिसोड ३० च्या पुढे, कारण काय तर रील्समध्ये ते फाइट सीन दिसले होते आणि "ताई, जे कडक आहे तेवढंच बघतो ना, आधीचं कशाला". दोन दिवसांनी फोन. हा गेतो नक्की कुणाच्या बाजूने आहे, सगळे त्याला बघून एवढे का हादरतायत, आणि ही शाळेतली पोरं एका आजीबरोबर का मारामारी करतायत. मी म्हटलं बाबा तू वरातीत शेवटच्या चौकात घुसलायस, आता नवरा कोण आणि बँडवाला कोण हे तुला कसं कळणार.

मग त्याला व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यात समजावलं, तेच आता नीट एका जागी लिहितेय. मोठे स्पॉइलर टाळलेत, जिथे थोडं सांगावं लागलंय तिथे आधी इशारा दिलाय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते म्हणजे माझा कल कळेल. बहुतेक लोक ही सिरीज राक्षस मारायची सिरीज म्हणून बघतात आणि मग पाचव्या राक्षसाला कंटाळतात. मला ती बिघडलेल्या जादूवाल्यांच्या शिकारीची गोष्ट वाटते. राक्षस येतात जातात, मरतात. पण जे माणूस असून, शिकून सवरून, विद्या हातात असून उलटे फिरले त्यांना कोण मारणार आणि कुणाच्या हुकुमावरून मारणार, हा धागा पहिल्या एपिसोडपासून शेवटपर्यंत जातो. तो पकडून बघितलं तर एकही एपिसोड फुकट जात नाही (बरं, एकदोन जातात).

आधी चार शब्द, मग प्ले दाबा

माणसाच्या मनातली भीती, राग, लाज, द्वेष हे सगळं बाहेर गळत असतं. त्याला कर्स्ड एनर्जी म्हणायचं. ती कुठेतरी साचली की त्यातून कर्स जन्माला येतो, म्हणजे राक्षस. शाळा आणि हॉस्पिटलं अशा जागी जास्त, कारण लोकांच्या वाईट आठवणी तिथेच चिकटलेल्या असतात. ही एनर्जी ताब्यात ठेवून कर्स मारणारे ते सॉर्सरर, जपानीत जुजुत्सुशी. आणि तीच एनर्जी तीच विद्या वापरून पैशासाठी नाहीतर मजेसाठी माणसं मारणारे ते कर्स युजर, जपानीत जुसोशी. विद्या एकच बरं का. आपल्याकडे करणी करणारा आणि करणी उतरवणारा जसे एकाच वाडीतले निघतात, कधीकधी तर एकच माणूस दोन्ही दुकानं चालवतो, तसंच.

अजून एक नियम आहे तो लिहून ठेवा. सॉर्सररकडून ही एनर्जी जवळपास गळतच नाही. गळते ती तुमच्याआमच्यासारख्या साध्या लोकांकडून. म्हणजे राक्षस तयार करतो आपण आणि त्यांच्याशी लढून मरतात ते. सीझन २ मध्ये एक चांगला माणूस या एका गणितावरून वाया जातो, तेव्हा हे आठवलं पाहिजे.

ग्रेड सोप्या आहेत, चारपासून एकपर्यंत, आकडा जेवढा लहान तेवढा माणूस भारी, आणि सगळ्यात वर स्पेशल ग्रेड. स्पेशल ग्रेडचे सॉर्सरर फक्त चार: गोजो सातोरू, गेतो सुगुरू, ओक्कोत्सु युता, त्सुकुमो युकी. यातला एक कर्स युजर झाला. चारातला एक! ज्या खात्यात सगळ्यात वरच्या चौघांतला एक फुटतो त्या खात्याचं काय असेल ते तुम्हीच ठरवा.

बाकी टेक्निक आणि डोमेन. टेक्निक म्हणजे प्रत्येकाची जन्मजात खास विद्या, आणि डोमेन एक्सपान्शन म्हणजे आपल्या टेक्निकची एक अख्खी खोली उभी करून समोरच्याला त्यात कोंडणं, आत गेला की वार चुकणारच नाही. डोमेन उघडताना हाताची जी मुद्रा करतात तिथे पॉज करा. त्या बौद्ध देवतांच्या मुद्रा आहेत. गोजोची मुद्रा ताइशाकुतेनची, म्हणजे आपला इंद्र. सुकुनाची (हा सगळ्यात मोठा कर्स) एन्मातेनची, म्हणजे यम. पुढे एक महोरागा येतो (जपानीत माकोरा), ते नाव मूळ संस्कृत महोरग, मोठा नाग. आपले देव बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेले, तेच इथे अॅनिमेतून परत येऊन आपल्याला भेटतायत, मला तर पहिल्यांदा कळलं तेव्हा आजीला फोन करून सांगावंसं वाटलं.

कुठल्या क्रमाने

सरळ सांगते:

सीझन १, चोवीस एपिसोड.
मग पिक्चर, जुजुत्सु कायसेन ०.
मग सीझन २, तेवीस एपिसोड.
मग सीझन ३, जो जानेवारी २०२६ मध्ये सुरू झाला.

पिक्चर कधी बघायचा यावरून लोक भांडतात. त्यातली घटना सीझन १ च्या आधीची आहे, डिसेंबर २०१७ ची, आणि सिरीजच्या हिरोची, इतादोरीची, गोष्ट सुरू होते २०१८ मध्ये. मांगामध्येपण (म्हणजे मूळ कॉमिक) शून्य नंबरचं पुस्तक आधीचं आहे, लेखक अकुतामी गेगे यांनी ती चार प्रकरणांची छोटी मालिका २०१७ मध्ये केली होती आणि मोठी मालिका साप्ताहिक शोनेन जम्पमध्ये मार्च २०१८ ला सुरू झाली. म्हणून काही लोक म्हणतात पिक्चर आधी बघा, तारखेप्रमाणे जा. करू नका. पिक्चरचा मेन व्हिलन सीझन १ मध्ये सुरुवातीच्याच एपिसोडांत एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये राक्षसांबरोबर निवांत बसलेला दिसतो. आधी तो तिथे दिसला पाहिजे, मग पिक्चर बघितला पाहिजे, आणि पिक्चरच्या शेवटी तुमच्या डोक्यात एक प्रश्न फुटला पाहिजे. तो प्रश्न पडला नाही तर शेवटची वीस मिनिटं परत बघा. उत्तर सीझन २ मध्ये मिळतं आणि ते मिळतं तेव्हा शप्पथ अंगावर काटा येतो. पिक्चर आधी बघितला तर हा सगळा खेळ गडबडतो.

एक हिंट देते, स्पॉइलर नाही. त्या माणसाचं कपाळ बघा. सीझन १ मध्ये बघा आणि मग पिक्चरमध्ये बघा. एवढंच.

बाकी मे २०२५ मध्ये आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानमध्ये थिएटरला जे आले ते जुन्या एपिसोडांची जोडाजोड आहे (दुसऱ्यात सीझन ३ चे पहिले दोन एपिसोड पुढे जोडले होते). पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यांची गरज नाही. सीझन २ च्या मध्ये दोन रिकॅप स्पेशल लागले होते तेपण सोडा.

सीझन १: तीन एपिसोड दम धरा

पहिले दोन एपिसोड बघून वाटेल की हे तर ठरलेलंच, एक ताकदवान पोरगा, अंगात राक्षस, शाळा, एक मस्तीखोर सर. बरोबर आहे, सुरुवात तशीच आहे. पण एक गोष्ट नीट ऐका. सेंदाईच्या त्या पोराने, इतादोरी युजीने, सुकुनाचं बोट गिळल्यावर पहिलं काय होतं? त्याला फाशी होते. खरंच, जादूवाल्यांचे वरचे लोक त्याला मृत्युदंड देतात, आणि गोजो, म्हणजे तोच मस्तीखोर सर, तो फक्त पुढे ढकलून घेतो, की वीसच्या वीस बोटं खाऊ दे मग मारा. म्हणजे आपला हिरो पहिल्या दिवसापासून शिकारीच्या यादीत आहे. त्याने काहीच वाईट केलेलं नाही तरी. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच राहत नाही कारण पोरगा सतत हसत असतो.

मग नऊ ते तेरा. हे पाच एपिसोड सलग बघा, रात्री एकट्याने बघितले तर उत्तम, मध्ये मेसेज वगैरे बघू नका. इथे जुनपेई नावाचा पोरगा येतो. शाळेत मुलं त्याला छळतात, सिगारेटचे चटके दिलेत कपाळावर, तो शाळा सोडून पिक्चर बघत बसतो. एके दिवशी थिएटरमध्ये त्या छळणाऱ्या पोरांना माहितो नावाचा कर्स मारून टाकतो आणि जुनपेईला भीतीच्या ऐवजी कुतूहल वाटतं. बघा आता कर्स युजर कसा तयार होतो. कुणी सैतान जन्माला येत नाही. एक एकटा पडलेला पोरगा, त्याला पहिल्यांदा कुणीतरी म्हणतं की तुझा राग बरोबर आहे, आणि तो कुणीतरी नेमका चुकीचा निघतो.

आणि त्याच वेळी दुसरीकडे नानामी नावाच्या सॉर्सररची माणसं त्याच पोराची चाचणी घ्यायच्या तयारीत असतात. एक बारकासा कर्स त्याच्या अंगावर सोडायचा आणि बघायचं, त्याला दिसतो का, तो लढतो का, कितपत लढतो, त्यावरून पुढचं ठरवायचं. म्हणजे एका खात्यासाठी जुनपेई हा फॉर्म भरायचा विषय आहे. इतादोरी मात्र त्याच्याशी पिक्चरवर गप्पा मारायला लागतो, तेही भिकार हॉरर पिक्चरवर. पुढे काय होतं ते सांगत नाही. मी तेरावा एपिसोड संपल्यावर किचनमध्ये जाऊन उगाच भांडी घासत उभी होते.

नानामीबद्दल एक वेगळा परिच्छेद पाहिजेच. हा माणूस आधी कंपनीत नोकरी करत होता, वैतागून परत जादूकडे आला, आणि अजूनही घड्याळाकडे बघून काम करतो. त्याची टेक्निक म्हणजे समोरच्याच्या लांबीचे दहा भाग करायचे आणि सातास तीनच्या जागी वार केला की तिथे वर्मी लागतो. आणि कामाची वेळ संपली की त्याची ताकद वाढते, कारण त्याने स्वतःवरच बंधन घातलंय की ऑफिसच्या वेळात ताकद आवरून धरायची. ओव्हरटाइमला पॉवर मिळणारा हा बहुतेक जगातला एकमेव माणूस, हिंजवडीतल्या माझ्या सगळ्या मित्रांचा तो लाडका आहे आणि का ते सांगायला नको.

या बंधनावरून आठवलं, हा नियम फाइट समजायला फार लागतो. या जगात काही मिळवायचं तर काही सोडावं लागतं. आपली टेक्निक समोरच्याला समजावून सांगितली तर ती अजून जोरात चालते, म्हणजे पत्ते उघडे करून खेळलास तर डाव मोठा. म्हणून ही माणसं मारामारीच्या मध्ये थांबून लेक्चर देतात, ते लेखकाचं पाणी घालणं नाहीये. पहिल्यांदा बघताना मला वाटलं होतं की आता हाण ना बाबा, किती बोलतोस.

चौदाच्या पुढे दोन शाळांची स्पर्धा आहे, टोकियो विरुद्ध क्योटो, त्यात कर्स युजर पहिल्यांदा सरळ मैदानात येतात. एकजण तर माणसांच्या शरीरापासून कपडे टांगायचे स्टँड बनवायच्या हौसेचा आहे, बाकी सांगत नाही. दुसरा पोनीटेलवाला हारुता, नुसता हसत फिरतो, तलवारीची मूठ म्हणजे एक हात. त्याला लक्षात ठेवा. आत्ता तो फालतू वाटेल.

एकविसावा एपिसोड अख्खा बेसबॉलचा आहे. सोडलात तरी गोष्टीला फरक पडत नाही पण सोडू नका, इतक्या मारामारीनंतर पोरं पोरांसारखी वागताना बघायला बरं वाटतं, आपल्याकडे असतं तर सरांनी टेनिस बॉल आणला असता आणि पहिल्या बॉललाच वाइडवरून राडा. आणि हो, एंडिंगचं गाणं लागलं की लगेच पुढचा एपिसोड लावू नका, सीझन १ मध्ये गाण्याच्या नंतर जुजु सांपो म्हणून छोटे विनोदी तुकडे आहेत. ऑटोप्ले बंद करा, नाहीतर सगळे हुकतील.

पिक्चर

पावणेदोन तास. इतादोरी इथे नाही, हिरो आहे युता. यालापण आधी मृत्युदंडच झालेला, तोही गोजोने पुढे ढकललेला, बघा पॅटर्न कळतोय का. गेतो इथे उघड व्हिलन आहे, शिंजुकू आणि क्योटोमध्ये हजारो कर्स सोडणार म्हणून तारीख देतो, २४ डिसेंबर. पिक्चर जपानमध्ये रिलीज केला तोसुद्धा २४ डिसेंबरलाच, २०२१ साली. याला म्हणतात मार्केटिंग.

बघताना गेतोचा राग येईल, आला पाहिजे. साध्या लोकांना तो माकडं म्हणतो. हा राग तसाच ठेवा, विसरू नका, कारण पुढच्या पाच एपिसोडांत तो तुमच्याच गळ्यात अडकणार आहे. क्रेडिट्सनंतर एक सीन आहे, उठू नका.

सीझन २ चे पहिले पाच, इथे सगळा जीव आहे

एपिसोड २५ ते २९. काळ २००६ आणि २००७. गोजो आणि गेतो शाळेत आहेत, जिगरी दोस्त, दोघेही स्पेशल ग्रेड, दोघांना वाटतं आम्हीच सगळ्यात भारी. आणि यात गंमत अशी की त्या वेळी समजूतदार कोण, तर गेतो. ताकद असलेल्यांनी दुबळ्यांना वाचवायचं हे तो गोजोला शिकवत असतो, आणि गोजो कंटाळून तोंड वाकडं करतो.

(इथून पुढे दोन परिच्छेद थोडे स्पॉइलर आहेत. नको असतील तर शिबुयावर उडी मारा.)

अठ्ठाविसाव्यात एक सीन आहे जो मी तीनदा बघितलाय. एका पोरीचा खून झालाय, आणि ज्या पंथाने तो करवला त्यातली साधी माणसं तिच्या प्रेताकडे बघून टाळ्या वाजवतायत, हसत. गोजो गेतोला विचारतो, यांना मारू का, मला आत्ता काहीच वाटणार नाही. गेतो म्हणतो नको, अर्थ नाही त्याला. म्हणजे त्या दिवशी गोजो कर्स युजर व्हायच्या उंबऱ्यावर होता आणि त्याला मागे ओढणारा गेतो होता. पण त्या टाळ्यांचा आवाज गेतोच्या डोक्यातून जात नाही. पुढे उन्हाळाभर तो कर्स पकडतो, गोळा करून गिळतो (त्याची टेक्निकच ती, आणि चव म्हणे ओकारी पुसलेल्या फडक्यासारखी), परत पकडतो, परत गिळतो. ज्यांच्यासाठी गिळतोय ते टाळ्या वाजवणारे. शॉवरखाली उभा असतो आणि पाण्याच्या आवाजात टाळ्या ऐकू येतात. मग त्सुकुमो युकी येते, बाकावर बसून त्याच्याशी बोलते, म्हणते मी मुळावर इलाज शोधतेय, राक्षस तयारच होऊ नयेत यासाठी. आणि गेतो सहज बोलून जातो, मग साध्या माणसांना मारून टाकलं तर झालं. ती त्याला झिडकारत नाही. म्हणते हो, तोपण एक मार्ग आहे, पण मी तेवढी वेडी नाही. वर्गात सर जसं चुकलेल्या उत्तराचीपण नोंद घेतात तसं. तिथे कुणी खांद्यावर हात ठेवला असता तर, असं राहून राहून वाटतं.

मग सप्टेंबर २००७, एक गाव. गावात लोक गायब होतायत म्हणून गेतोला पाठवलेलं. तो राक्षस मारतो, काम संपलं. पण गावकऱ्यांनी दोन लहान मुलींना पिंजऱ्यात कोंडून मारझोड केलेली असते, की याच करतात हे सगळं. ११२ माणसं मरतात त्या गावात, गेतोच्या हातून. तो सीन बघताना मला जपान वगैरे काही आठवलं नाही. बायकांना डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या आपण आपल्याच पेपरात वाचल्यात, २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यात ते गुन्हा म्हणून लिहावं लागलं आपल्याला. त्या पिंजऱ्यापर्यंत मी गेतोच्या बाजूने होते आणि पुढच्या मिनिटाला नव्हते, आणि नक्की कुठल्या सेकंदाला बाजू सोडली ते अजून सांगता येत नाही.

शिबुया: वही घेऊन बसा

३१ ऑक्टोबर २०१८, हॅलोविन, शिबुया स्टेशनचा परिसर, संध्याकाळी सातला एक पडदा, म्हणजे जादूचं कुंपण, पडतो आणि आत अडकलेले लोक एकच ओरडतायत, गोजो सातोरूला बोलवा. पुढचे अठरा एपिसोड म्हणजे, सुरुवातीचे दोन सोडले तर, ती एक रात्र.

लोक इथे हरवतात कारण एकाच वेळी सातआठ ठिकाणी मारामारी चालू असते आणि सीन मागेपुढे उड्या मारतात. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर वेळ आणि जागा येते ती वाचा, खरंच वाचा. दुसरं, मजले लक्षात ठेवा. मुख्य भानगड जमिनीखाली पाचव्या मजल्यावर, फुकुतोशिन लाइनच्या प्लॅटफॉर्मवर होते, आणि ते स्टेशन खरंच तसं खोल आहे. दादर स्टेशनात पहिल्यांदा उतरलेला माणूस जसा पुलावर उभा राहून विचारतो की वेस्ट कुठे, तशी तुमची अवस्था होणार, तर आधी एकदा शिबुया स्टेशनचा नकाशा गूगलवर बघून घ्या, पाच मिनिटं लागतात.

इथे कर्स युजर भरपूर आहेत आणि बहुतेक लोक त्यांना मधले टाइमपास समजून फॉरवर्ड करतात. नका करू. माझ्या मावसभावाची ती आजीबाई म्हणजे ओगामी, मेलेल्या माणसांचं रूप उतरवणारी, नातवाबरोबर फिरते. आणि तिच्या बरोबरचा म्हातारा आवासाका. त्याच्याशी इतादोरी आणि त्याचा वर्गमित्र मेगुमी यांची जी फाइट आहे ती या सिरीजच्या नियमांचा सगळ्यात चांगला धडा आहे. पोरं जीव तोडून हाणतात, म्हाताऱ्याला काहीच होत नाही. का? कारण त्याच्या टेक्निकमध्ये उलटं आहे, जोरात मारलं तर लागत नाही आणि हळू मारलं की लागतं. हे त्यांना कसं कळतं ते बघा, त्यातच मजा आहे. आणि हा म्हातारा का आलाय? कारण गोजो जन्मल्यापासून या लोकांचे धंदे बसले, लपून राहावं लागलं, आता गोजो गेला तर जुने दिवस परत येतील ही आशा. एका माणसाच्या धाकावर जर अख्खी कायदा-सुव्यवस्था उभी असेल तर तो माणूस बाजूला झाल्यावर काय होईल, शिबुया म्हणजे हेच.

हारुता इथे परत येतो आणि तो कुणाला मारतो बघा. लढणाऱ्यांना नाही, काळे सूट घातलेल्या मदतनीसांना, जे गाड्या चालवतात, पडदे टाकतात. मग नानामी येतो. तो सीन मी वर्णन करणार नाही, फक्त सांगते की एरवी ओव्हरटाइमवर कुरकुरणारा माणूस त्या दिवशी एक अक्षर कुरकुरत नाही.

गोजोच्या डोमेनचा ०.२ सेकंदवाला प्रसंग आणि त्यानंतरची २९९ सेकंद, हे मोठ्या स्क्रीनवर बघा, टीव्हीला लावा, मोबाइलवर वाया जातं. आणि सगळं एका रात्रीत संपवू नका, मी रविवारी अठरा एपिसोड एका दमात बघितले आणि सोमवारी मीटिंगमध्ये कुणी काय विचारलं मला आजही आठवत नाही. चार-चार बघा.

सीझन ३, जिथे यादीच उलटते

शिबुया बघितली नसेल तर हा भाग नका वाचू.

शिबुयानंतर वरचे लोक, ते म्हातारे जे पडद्यामागून बोलतात, नवे हुकूम काढतात. इतादोरीची पुढे ढकललेली फाशी आता लगेच. गोजो गुन्ह्यातला साथीदार. मुख्याध्यापक यागा यांनाही मृत्युदंड. आणि इतादोरीला मारायला कुणाला नेमतात? युताला, ज्याची स्वतःची फाशी टळली होती. म्हणजे आत्तापर्यंत ज्यांच्या डोळ्यांनी आपण शिकार बघत होतो तेच आता कागदोपत्री शिकार. मी सुरुवातीला म्हटलं ना हा धागा पकडा, तो इथे हाताला काचतो.

मांगात पुढे हिगुरुमा येतो, आरोपींच्या बाजूने लढणारा वकील. जपानमध्ये खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी दोषीच ठरतो, त्या भिंतीवर डोकं आपटून आपटून हा माणूस फुटतो आणि त्याची टेक्निक काय निघते, तर कोर्ट. डोमेनमध्ये कोंडून तुमच्यावर खटला चालवतो. इतादोरीवर पहिला आरोप काय लागतो? अल्पवयीन असताना पाचिंकोच्या, म्हणजे जुगाराच्या मशीनच्या, दुकानात गेला. मी हसले आणि पुढच्या आरोपाला गप्प झाले.

सुकुनाची गंमतपण याच धाग्यातली आहे. र्‍योमेन सुकुना हे नाव अकुतामींनी काढलेलं नाही. निहोन शोकी या जुन्या जपानी इतिहासग्रंथात तो येतो, दोन तोंडं, चार हात, हिदा प्रांतातला, राजाचं ऐकत नाही म्हणून राजाच्या सेनापतीने मारलेला. पण हिदामध्ये, आजच्या ताकायामाच्या बाजूला, लोक त्याला मानतात, तिथल्या सेन्कोजी मंदिरात त्याची मूर्ती आहे. राजाच्या पुस्तकात राक्षस, गावच्या मंदिरात देव.

बारीकसारीक

आपल्याकडे क्रंचीरोल अॅपवर आहे, हिंदी डबपण आहे. मराठीची वाट बघत बसू नका. मी जपानी आवाज आणि खाली इंग्लिश सबटायटल असंच बघते, कारण गेतोचा आवाज, साकुराई ताकाहिरो, तो माणूस एकाच गोड आवाजात दोन वेगळी माणसं ऐकवतो, आणि यापेक्षा जास्त बोलले तर स्पॉइलर होईल. ज्यांना वाचत बघणं जमत नाही त्यांनी बिनधास्त हिंदी लावा, कुणी नावं ठेवणार नाही, ठेवली तर ठेवू दे.

लहान भावंडांना दाखवू नका. कार्टून आहे म्हणून आई सातवीतल्या पोराला शेजारी बसवते आणि मग माहितो माणसांना हाताने मळून त्यांचे आकार बदलतो ते बघून पोरगं आठवडाभर दिवा लावून झोपतं. आमच्या घरी झालंय, शिव्या मी खाल्ल्या.

सीझन २ संपल्यावर थांबवत नसेल तर मांगा प्रकरण १३७ पासून घ्या, तिथूनच पुढचं आहे. एकूण २७१ प्रकरणं, सप्टेंबर २०२४ मध्ये संपला, त्यामुळे लेखक मध्येच सोडून जाईल ही भीती नाही. शेवटावर लोक दोन तट पाडून भांडतात, मी भांडत नाही, मला हिगुरुमापर्यंतचाच भाग सगळ्यात जास्त आवडला.

मावसभावाने आता पहिल्यापासून सुरू केलंय, एपिसोड १९ वर आहे. गेतोचं निम्मं त्याला आधीच कळलंय त्यामुळे ती मजा गेली ती गेलीच, पण जुनपेईवर त्याचा एवढा मोठा मेसेज आला की मला स्क्रोल करावं लागलं. परवा विचारलं, कपाळ बघितलंस का रे. म्हणे कुठलं कपाळ.